किलोचा भाव आणि पाईपची ताकद

लातूरच्या एमआयडीसीत म्हणा की नांदेडच्या मोंढ्याकडे म्हणा, सोयाबीन ठेवायला गोदाम किंवा जनावरांसाठी गोठा बांधायचा म्हणून माणूस फॅब्रिकेशनच्या दुकानात शिरला, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किलोला काय भाव?" मग घासाघीस होते, पाच-सात रुपये कमी होतात, चहा येतो आणि व्यवहार ठरतो. पाईप कोणत्या मापाचा, भिंत किती जाडीची, उभा बसवणार की आडवा, हे प्रश्न बहुधा कोणी विचारतच नाही. गिऱ्हाइकाच्या मनात एक साधं गणित पक्कं असतं: जितकं वजन जास्त, तितकं शेड मजबूत.

हे गणित अर्धंच खरं आहे. वाकण्याविरुद्धची ताकद लोखंड किती वापरलं यावर जेवढी अवलंबून असते, त्याहून जास्त ते लोखंड कुठे ठेवलं यावर असते. ही गोष्ट आज अभियंत्याच्या संगणकावर काही मिनिटांत आकड्यांत दिसते. विष्णुपुरीच्या श्री गुरू गोबिंदसिंगजी संस्थेतला किंवा लातूरच्या बिडवे महाविद्यालयातला सिव्हिलचा विद्यार्थी हा हिशोब दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात शिकतो. पण ज्याच्या डोक्यावर ते शेड उभं राहणार आहे, त्यालाही तो समजू शकतो. त्यासाठी शाळेतले बेरीज-गुणाकार पुरतात.

माळवदापासून पत्र्यापर्यंत

मराठवाड्यात छत हा विषय नुसता सोयीचा नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. अधिकृत आकड्यांप्रमाणे आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. भूकंपाची तीव्रता ६.२च्या घरातली होती. एवढ्या तीव्रतेला इतका संहार का झाला, याचं मोठं उत्तर घरांच्या बांधणीत होतं. ओबडधोबड दगड मातीत रचून उभारलेल्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. दरवर्षी पावसाळ्याआधी वर मातीचा थर चढायचा आणि छत जड होत जायचं. माळवदावर अर्धा मीटर माती धरली, तर एका चौरस मीटरवर आठशे किलोंचं ओझं होतं.

भूकंपाचा धक्का वस्तुमानाच्या प्रमाणात बसतो. छत जितकं जड, तितकं ते भिंतींना जोरात ढकलतं. त्यापुढे लोखंडी पाईप, पर्लिन (पत्रा ज्यावर बसतो ती आडवी) आणि पत्रा मिळून चौरस मीटरला पंधरा-वीस किलो भरतात, म्हणजे माळवदाच्या चाळीसाव्या हिश्श्याच्या आसपास. किल्लारीच्या आधी हा भाग भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता. २००२च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या विभागात आला. हलकं छत हा त्या रात्रीतून शिकलेला धडा आहे आणि तो बरोबरच आहे.

पण हलक्या छताचा वैरी वेगळा असतो. माळवदाला वारा उचलू शकत नाही, पत्र्याला उचलतो. एप्रिल-मेमध्ये वळवाचं वादळ सुटलं की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात उडालेल्या पत्र्यांचे फोटो येतातच. तेव्हा आपल्याकडच्या शेडच्या पाईपला दोन कामं करायची असतात. वरून भार आला तर खाली वाकू नये आणि वाऱ्याने खेचलं तर वरही वाकू नये. दोन्ही वेळी हिशोब एकाच गोष्टीचा असतो: वाकण्याचा.

पाईप वाकतो तेव्हा आत काय होतं

दोन टेकूंवर आडवा ठेवलेला पाईप मध्ये दाबला की त्याची वरची बाजू आखडते आणि खालची ताणली जाते. दोन्हींच्या मध्ये एक पातळी अशी असते, जिथे आखडणंही नाही आणि ताणणंही नाही. या पातळीला तटस्थ अक्ष म्हणतात. तिथलं लोखंड जवळजवळ फुकट बसून असतं. सगळं काम वरच्या आणि खालच्या टोकाचं लोखंड करतं. म्हणून शहाणपण यात आहे, की मधलं लोखंड काढून टोकाला न्यावं. पोकळ पाईप म्हणजे हेच.

हे शहाणपण जुनं आहे. गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात पक्ष्यांची हाडं आणि बोरूसारख्या पोकळ काड्यांचा दाखला देऊन सांगितलं होतं, की तेवढ्याच वजनाच्या भरीव काडीपेक्षा पोकळ काडी जास्त भार घेते. तटस्थ अक्ष नेमका कुठे असतो, हे मात्र त्याला जमलं नव्हतं. ते गणित १८२६मध्ये फ्रेंच अभियंता नाव्हिए याने नीट बसवलं. आजची सॉफ्टवेअरं त्याच गणितावर चालतात.

या गणितात आकाराचे दोन आकडे येतात. पहिला जडत्वाघूर्ण, ज्याला अभियंते नुसतं 'आय' म्हणतात. पाईप किती झुकेल, हे त्यावरून ठरतं. दुसरा छेद मापांक, म्हणजे 'झेड'. पाईप कधी कायमचा वाकेल, हे त्यावरून ठरतं. चौकोनी पाईपचा आय काढायची रीत सोपी आहे. बाहेरच्या चौकोनाची रुंदी गुणिले उंचीचा घन, भागिले बारा. त्यातून आतल्या पोकळ चौकोनाचं तेच गणित वजा करायचं. आयला अर्ध्या उंचीने भागलं की झेड मिळतो. उंचीचा घन होतो, हे इथलं मर्म आहे. उंची दुप्पट झाली की आय आठपट होतो, रुंदी दुप्पट झाली तर फक्त दुप्पट.

बाजारात सहज मिळणारा १०० बाय ५० मिलिमीटरचा, ३ मिलिमीटर जाडीचा पाईप घेऊ. उभा ठेवला, म्हणजे शंभरची बाजू उंचीत, तर आय येतो ११२ (सेंटिमीटरच्या चौथ्या घातात) आणि झेड २२.४ घन सेंटिमीटर. हा कागदावरचा हिशोब कोपरे काटकोनी धरून झाला. खऱ्या पाईपचे कोपरे गोल असतात. बाहेरची गोलाई जाडीच्या दुप्पट धरली तर आय १०६.५वर येतो आणि झेड २१.३वर. पाच टक्के ताकद कोपऱ्यांत गेली. आता एवढ्याच लोखंडाचा भरीव चौकोनी बार केला, तर त्याची बाजू २९ मिलिमीटर भरते आणि झेड अवघा ४.१ येतो. किलो तेवढेच, भाव तेवढाच, पण ताकद एक पंचमांश आणि झुकणं अठरापट. किलोचा भाव काय सांगत नाही, ते इथे दिसतं.

संगणकाला काय विचारायचं

हे आकडे मिळवायच्या दोन वाटा रोजच्या वापरातल्या आहेत. पहिली ऑटोकॅडची. पाईपचा आडवा छेद गोल कोपऱ्यांसकट काढायचा, बाहेरच्या आणि आतल्या आकृतीचे रीजन करायचे, एकातून दुसरा वजा करायचा आणि 'मासप्रॉप' ही आज्ञा द्यायची. क्षेत्रफळ, गुरुत्वमध्य, आय असं सगळं पडद्यावर येतं. इथे नवशिके हमखास फसतात. ऑटोकॅड आधी जो आय दाखवतं, तो चित्राच्या मूळ बिंदूभोवतीचा असतो. पाईपचा खालचा कोपरा मूळ बिंदूवर ठेवून काढलेल्या आपल्या उदाहरणात तो आकडा १०६.५ऐवजी ३१७ दिसेल. जवळजवळ तिप्पट, आणि साफ चुकीचा. हवा असतो तो गुरुत्वमध्याभोवतीचा आय. तो त्याच यादीत खाली मुख्य अक्षांच्या ओळीत असतो. सॉफ्टवेअरने खोटं सांगितलेलं नसतं, वाचणाऱ्याने दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर उचललेलं असतं.

दुसरी वाट स्टाड प्रोची. हे सॉफ्टवेअर मूळ रिसर्च इंजिनिअर्स कंपनीचं, २००५पासून बेंटले कंपनीकडे आहे आणि आपल्याकडच्या सल्लागारांच्या कचेऱ्यांत घरोघरी असल्यासारखं आहे. त्यात पाईप तक्त्यातून निवडता येतो किंवा उंची, रुंदी, जाडी भरून नवा करता येतो. मग सांगाडा उभा करायचा, भार टाकायचे आणि आयएस ८०० या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे तपासणी मागायची. प्रत्येक पाईपसमोर एक गुणोत्तर येतं: लागणारी ताकद भागिले असलेली ताकद. ते एकच्या आत असेल तर पाईप पास, बाहेर गेलं तर नापास.

स्टाडमध्ये 'बीटा अँगल' नावाचा एक छोटा आकडा असतो. पाईप स्वतःभोवती किती फिरवून बसवलाय, ते त्यात भरायचं. तो शून्य ठेवला की पाईप उभा, नव्वद केला की आडवा. प्लॅस्टिकची पट्टी आडवी धरून वाकवावी आणि मग कडेवर उभी धरून वाकवावी. फरक बोटांना जसा कळतो, तोच हा आकडा संगणकाला सांगतो. आपला पाईप आडवा घातला तर आय १०६.५वरून ३६वर उतरतो आणि झेड २१.३वरून १४.४वर. ड्रॉइंगमध्ये पाईप उभा आणि साइटवर वेल्डिंगला सोपा म्हणून आडवा, असं झालं की संगणकाचा सगळा अहवाल रद्दीत जातो.

एका पर्लिनचा हिशोब

आता एक खरीखुरी वाटावी अशी पर्लिन घेऊ. दोन कैच्यांमधलं (पर्लिन पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांमधलं) अंतर १८ फूट, म्हणजे साडेपाच मीटर. ही लांबी सहा मीटरच्या पाईपमध्ये जोड न देता बसते. दोन पर्लिनांमधलं अंतर ४ फूट, म्हणजे १.२ मीटर. कमी उताराच्या आणि वर वावर नसलेल्या छतासाठी भारतीय मानक चौरस मीटरला सुमारे ७५ किलोंचा चल भार धरायला सांगतं. हा दुरुस्तीला चढणाऱ्या माणसांचा आणि वर ठेवलेल्या सामानाचा भार. त्याला १.२ने गुणलं की पर्लिनच्या दर मीटरला ९० किलो झाले. पत्र्याचे सहा-सात किलो, पाईपचे स्वतःचे सहा-सात. एकूण १०३ किलो धरू.

मध्यावरचा वाकवणारा जोर काढायचा तर दर मीटरचा भार गुणिले लांबीचा वर्ग, भागिले आठ. म्हणजे ३८९ किलो-मीटर. मानकाप्रमाणे त्यावर दीडपट सुरक्षितता घेतली की ५८४ होतात. ही झाली मागणी.

पाईपकडे काय आहे? इथे लोखंडाची प्रत येते. पोकळ चौकोनी पाईपसाठीच्या आयएस ४९२३ या मानकात वायएसटी २१०, २४०, ३१० अशा प्रती आहेत. आकडा सांगतो, की एका चौरस मिलिमीटरला किती न्यूटन ताण आला की लोखंड कायमचं वाकायला लागतं. ३१०च्या प्रतीचा पाईप उभा बसवला, तर झेड गुणिले ३१० भागिले १.१ या हिशोबाने ६०० किलो-मीटरची ताकद मिळते. ५८४ला ६००, म्हणजे पास. काठावर, पण पास. तोच पाईप २१०च्या प्रतीचा निघाला तर याच हिशोबाने ताकद ४०७. तोच ३१०चा, पण आडवा बसवला, तर ४०६. दोन्ही नापास. प्रत चुकणं आणि दिशा चुकणं, दोन्हींची किंमत इथे सारखीच निघाली.

ताकदीत पास झालेल्या पाईपची अजून एक परीक्षा बाकी असते. तो तुटणार नाही हे ठीक, पण झुकेल किती? आयएस ८००प्रमाणे पत्र्याच्या छताची पर्लिन लांबीच्या दीडशेव्या भागापेक्षा जास्त झुकू नये. इथे ती मर्यादा ३७ मिलिमीटर येते. आपला पाईप नुसत्या चल भाराखाली ५० मिलिमीटर झुकतो. म्हणजे नापास. एवढं झुकलेलं छत लगेच कोसळत नाही, पण पत्र्याचे स्क्रू ढिले होतात, सांध्यांतून पाणी शिरतं आणि खोलगट भागात पाणी साचून भार आणखी वाढतो.

आता नेहमीचा उपाय असतो 'जरा जाड पाईप टाका'. पण आयचं सूत्र वेगळं सांगतं. १२० बाय ६०चा, अडीच मिलिमीटर जाडीचा पाईप घ्या. सहा मीटरच्या एका नगाचं वजन साधारण साडेचाळीस किलो. आपला आधीचा पाईप साडेएकोणचाळीस किलोंचा होता. फरक जेमतेम एका किलोचा. पण आय १०६.५वरून १६१वर जातो आणि झुकणं ५०वरून ३३ मिलिमीटरवर येतं. पास. भिंत पातळ झाली, लोखंड तेवढंच राहिलं, पण ते मध्यापासून लांब गेलं, म्हणून दीडपट ताठपणा मिळाला. किलोच्या भावाने बघणाऱ्याला दोन्ही पाईप सारखेच वाटतात.

मग पातळच का करत जाऊ नये?

हा प्रश्न ब्रिटनमध्ये १८४०च्या दशकात लाखमोलाचा ठरला होता. अभियंता रॉबर्ट स्टीफन्सनला वेल्समधल्या मेनाई सामुद्रधुनीवर रेल्वेसाठी एक प्रचंड पोकळ लोखंडी पेटी टाकायची होती, जिच्या पोटातून गाडी जाईल. त्याच्यासाठी फेअरबेर्न आणि हॉजकिन्सन यांनी नमुने बनवून भार टाकले, तेव्हा पातळ पेट्या खालून तुटायच्या आधीच वरून सुरकुतल्या. वरची बाजू दाबाखाली असते आणि पातळ पत्रा दाबला की बाजूला पळतो. शेवटी पेटीच्या वरच्या भागात आडव्या-उभ्या कप्प्यांची रचना करून तो ताठ करावा लागला. १८५०मध्ये ब्रिटानिया पूल सुरू झाला.

आयएस ८००मध्ये हीच शिकवण तक्त्याच्या रूपात आहे. ३१०च्या प्रतीच्या पाईपसाठी दाबाखालच्या बाजूच्या सपाट रुंदीला जाडीने भागल्यावर आकडा ३८च्या आसपास किंवा त्याखाली राहिला पाहिजे. त्यावर गेला तर पूर्ण ताकद धरता येत नाही. आपल्या १२० बाय ६०च्या पाईपचा आकडा २२ येतो, म्हणजे निर्धास्त. जाडी १.२ मिलिमीटर केली तर तो ४८ होतो आणि भिंत सुरकुतायचा धोका येतो. सॉफ्टवेअर हे आपोआप तपासतं, पण त्याला भरलेली जाडी खरी असली तरच.

वारा उलटा ओढतो तेव्हा

वाऱ्याच्या मानकात गावागणिक मूळ वेग दिलेला असतो. छत्रपती संभाजीनगरला सेकंदाला ३९ मीटर, हैदराबाद आणि नागपूरला ४४. दाब वेगाच्या वर्गावर चढतो: वेगाचा वर्ग गुणिले ०.६. ३९ला तो चौरस मीटरमागे ९३ किलो होतो, ४४ला ११८. वेग तेरा टक्के वाढला, दाब सत्तावीस टक्के. लातूर-नांदेडची गावं या दोन आकड्यांच्या मुलखात आहेत, म्हणून अंदाजाने न भरता नकाशात आपलं गाव पाहूनच आकडा भरावा. शेडची उंची, आजूबाजूचं मोकळं रान आणि शेड किती बाजूंनी उघडं आहे यावर हा दाब पुन्हा कमी-जास्त होतो.

ढोबळ ९३ किलोच धरले, तरी आपल्या एका पर्लिनवर सहाशे किलोंच्या आसपास वर ओढणारा जोर येतो. पत्रा आणि पाईपचं मिळून वजन सत्तर किलो. उरलेले पाचशे किलोंहून जास्त ओढणं दोन टोकांच्या वेल्डिंगला आणि बोल्टला धरून ठेवायचं असतं. अशा वेळी पाईपची खालची बाजू दाबाखाली येते. उघड्या सी आकाराच्या पर्लिनला इथे पीळ बसू शकतो. बंद चौकोनी पाईप पिळाला फार चांगलं तोंड देतो, म्हणून तो निवडणं शहाणपणाचं. पण पाईप कितीही चांगला असला, तरी तो टोकाला दोन टाक्यांवर लटकत असेल, तर वादळात पत्रा पर्लिनसकट जातो. स्टाड पाईपचं गुणोत्तर देतं. टाक्याची लांबी वेगळी काढून ड्रॉइंगवर लिहावी लागते.

किलोचा उपयोग कुठे करावा

वजन ताकद सांगत नाही, पण वजन जाडी सांगतं. बाहेरचं माप टेपने कळतं, आतली जाडी दिसत नाही. कापलेल्या तोंडाशी व्हर्नियर लावावा, नाहीतर नग तोलावा. १०० बाय ५०चा ३ मिलिमीटरचा सहा मीटरचा नग साडेएकोणचाळीस किलोंच्या आसपास भरला पाहिजे. तो पस्तीस भरला तर समजावं, भिंत ३ची नाही, २.६ची आहे. मग संगणकात ३ भरून आलेला 'पास' त्या पाईपला लागू नाही.

म्हणून दुकानातून कोटेशन घेताना एकूण किलो आणि भाव एवढ्यावर सही करू नये. प्रत्येक पर्लिनचं आणि कैचीच्या प्रत्येक पाईपचं बाहेरचं माप, जाडी, प्रत, उभा की आडवा, आणि टोकाचं वेल्डिंग किंवा बोल्ट किती, हे कागदावर लिहून घ्यावं. अभियंत्याने काढलेल्या तपासणीत हेच आकडे आहेत का, ते एकदा ताडून पाहावं. असं कोटेशन समोर असलं, की दोन दुकानांतली तुलना खरी होते. एकाने किलो कमी धरलेत ते पाईप उंच आणि पातळ घेऊन, की नुसताच कमी लोखंडात भागवून, हे तेव्हाच कळतं. पहिला स्वस्त असून चांगला, दुसरा स्वस्त असून धोक्याचा. किलोच्या भावात दोघे सारखे दिसतात, आय आणि झेडमध्ये दिसत नाहीत.